आबा मास्तर, फळ्यावर आणि फळ्यासमोर

आमच्या करमाडच्या हायस्कुलात शनिवारचे शेवटचे दोन तास मंडळांचे असत. लेझीम मंडळ, विज्ञान मंडळ, शिवण मंडळ, परसबाग मंडळ आणि वार्ता मंडळ. मला लेझीम हवं होतं. ते मिळालंही, पण तिसऱ्याच शनिवारी काढून टाकलं. सगळ्या पोरी उजवीकडं वळल्या की मी डावीकडं वळायची आणि माझं लेझीम शेजारणीच्या कोपरात जाऊन बसायचं. शिवण मंडळात जागा नव्हती, कारण मशीन एक आणि पोरी तेवीस. परसबागेत आडाचं पाणी शेंदावं लागे. ते काम मी घरी रोज करत होते, त्यासाठी दप्तर घेऊन शाळेत जायची गरज नव्हती. उरलं वार्ता मंडळ. त्यात आपणहून कुणी जात नसे, कारण सकाळी उठून रेडिओच्या बातम्या ऐकायच्या, लिहून घ्यायच्या आणि शाळा भरायच्या आत फळ्यावर उतरवायच्या, एवढं सगळं करून मार्क एकही नाही. मी नववीत होते. मंडळात तेव्हा दोघीच, मी आणि नजमा. नजमाचे अब्बा शिंपी. तिचं अक्षर असं होतं की फळ्यावर लिहिलेलं छापल्यासारखं दिसे. माझं अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं. म्हणून मी बातम्या आणायच्या आणि तिनं लिहायच्या अशी वाटणी पहिल्याच दिवशी झाली.

आमच्या घरी रेडिओ होता, ही माझी एकमेव लायकी. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो चामड्याच्या कव्हरात घालून चुलीच्या वरच्या कोनाड्यात ठेवला होता. त्यामुळं त्याला कायम धुराचा वास यायचा. बातम्यांची वेळ आणि मायच्या भाकरीची वेळ एकच. ती बाजरीची भाकरी परातीत थापायला लागली की थपथप आवाजात निम्मा देश बुडून जायचा. मी चुलीशेजारी वही घेऊन बसायची.

"माय, थांब ना दोन मिनिटं. पुराचं सांगू राहिले."

"पूर आपल्याकडं येतोय का?"

"नाय."

"मग खा."

आणि गरम भाकरीवर शेंगदाण्याची चटणी, तेल घालून, वहीशेजारी आदळायची. माझ्या त्या वर्षीच्या वहीत सगळ्या पंतप्रधानांवर तेलाचे डाग आहेत. वही अजून आहे माझ्याकडं. आता वाचली तर बातम्या आठवत नाहीत, चटणी आठवते.

फळा शाळेच्या रस्त्याकडच्या भिंतीवर होता. समोरच एसटीचा थांबा. संभाजीनगरकडं आणि जालन्याकडं जाणारी सगळी माणसं तिथं उभी असायची आणि एसटी वेळेवर येत नसल्यामुळं आमचा फळा पूर्ण वाचायची. हे माझ्या लक्षात आलं तसं मी लाठकर सरांना म्हटलं की नुसत्या दिल्लीच्या बातम्या कशाला, गावच्याही देऊ. लाठकर सर मराठी शिकवायचे आणि मंडळ त्यांच्याकडं होतं. हळू बोलायचे, पण विसरायचे काही नाही. ते म्हणाले, "देऊ. पण रेडिओची बातमी रेडिओच्या जबाबदारीवर असते, गावची आपल्या. दोघांना विचारल्याशिवाय खडू उचलायचा नाही." अशी 'गावची खबर' सुरू झाली. कुणाची म्हैस व्याली, रेडकू नर की मादी, गिरणी किती दिवस बंद, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, कुणाची चप्पल देवळातून गेली. महिन्याभरात अशी वेळ आली की माणसं एसटी आली तरी म्हणायची, "थांबा हो कंडक्टर, खबर वाचू द्या." म्हातारे पोरांना वाचून दाखवायला लावायचे. मला गावात 'खबरवाली' म्हणू लागले. लेझीम मंडळातल्या पोरींना तोपर्यंत कुणी काही म्हणत नव्हतं, हे मी इथं मुद्दाम नोंदवते.

त्या सकाळी बातम्या सुरू व्हायच्या आधीच शेजारून रडण्याचा आवाज आला. माय त्या दिवशी लवकरच शेतात गेली होती, भाकरी टोपल्यात झाकून. मी धावत शेजारी गेले. शेजारी गोदाकाकू राहायच्या. साठीच्या पुढच्या, तोंडानं फटकळ, सगळ्या गल्लीचा नळावरचा नंबर त्या ठरवत. त्या ओट्यावर बसून छाती पिटत होत्या. "अरे माझ्या दादा रे! मला न भेटता गेला रे!" त्यांची सून शांतावहिनी दाराशी पदर डोळ्याला लावून उभी. एक माणूस सायकलवर टांग टाकून निघालेला मला पाठमोरा दिसला. शेंद्र्याहून निरोप घेऊन आला होता. वहिनीनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तर तो 'नको नको' म्हणत निघूनही गेला.

"काय झालं काकू?"

"आबा गेला गं! काल संध्याकाळी. माझा एकुलता एक भाऊ!"

आबा मास्तर म्हणजे आमच्या शाळेचे पहिले मास्तर. निजामाच्या काळात ते उर्दूतून शिकवायचे. पोलिस अ‍ॅक्शननंतर त्यांनी त्याच दोन खोल्यांत मराठी वर्ग सुरू केला, आणि त्या दोन खोल्यांचं पुढं हायस्कूल झालं. आमचे मोठे सर, म्हणजे हेडमास्तर, त्यांच्याच हाताखाली शिकलेले. आबा निवृत्त होऊन शेंद्र्याला शेती करत. आज शेंद्र्याला कारखाने आहेत, तेव्हा ज्वारी होती. मी आबांना एकदाच पाहिलं होतं, झेंड्याच्या दिवशी, पांढऱ्या टोपीत. आणि गोदाकाकूंचं आणि त्यांचं तीन वर्षं बोलणं नव्हतं, हे गल्लीला ठाऊक होतं. आबांच्या नातीच्या लग्नात काकूंना मानाचं लुगडं द्यायचं राहिलं, एवढंच कारण. म्हणून तर काकू जास्त रडत होत्या.

मी नियमाप्रमाणं दुसरीकडं वळले. "वहिनी, खरंय का?"

"खरंच की गं," वहिनी म्हणाली आणि हुंदका दिला.

दोघींना विचारलं होतं. दोघी रडत होत्या. यापेक्षा पक्की बातमी मी आजवर आणली नव्हती. खरं सांगायचं तर मला वाईट कमी वाटलं आणि घाई जास्त झाली. त्या वयात हातात मोठी बातमी असणं म्हणजे काय असतं, ते ज्यांच्या हातात कधी नव्हती त्यांना सांगून कळणार नाही. आणि आता तर प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. माणूस दवाखान्यात पोचायच्या आत त्याला श्रद्धांजली पोचते. तेव्हा मात्र अख्ख्या गावात तो अधिकार माझा एकटीचा होता.

नजमानं फळा ओल्या फडक्यानं दोनदा पुसला. "अगे, हौर कुछ नै लिखना आज?"

"नाय. फक्त हेच."

तिनं चारी बाजूंनी जाड पांढरी चौकट काढली, वर एक समई काढली आणि मधोमध लिहिलं: 'आपल्या शाळेचे आद्य शिक्षक आबा मास्तर यांचे काल सायंकाळी शेंद्रा येथे दुःखद निधन झाले.' आम्ही दोघी मागं सरकून पाहिलं. "अच्छा दिखरा," नजमा म्हणाली. अच्छा दिसत होतंच.

मोठे सर सायकलवरून आले, फळ्यासमोर उतरले आणि सायकल तशीच सोडून दिली. ती धाडकन पडली. लाठकर सरांनी मला बाजूला घेतलं. "दोघांना विचारलंस?" "व्हय सर. त्यांच्या सख्ख्या बहिणीला आन् तिच्या सुनेला." त्यांनी मान हलवली. मग प्रार्थनेच्या मैदानावर शोकसभा झाली. मोठे सर कडक माणूस, हातात कायम पट्टी. ते पंधरा मिनिटं बोलले आणि मधे तीनदा थांबले. आबांनी त्यांना अनवाणी पाहून स्वतःच्या वहाणा कशा दिल्या आणि त्या मोठ्या होत्या म्हणून आत चिंध्या कोंबून ते वर्षभर कसे चालले, ते सांगताना त्यांना पुढं बोलवेना. दोन मिनिटं उभं राहिलो. शाळा सुटली. थांब्यावरच्या हॉटेलवाल्यानं भट्टी विझवली, किराणावाल्यांनी दुकानं लावून घेतली. जालन्याकडं जाणारी एसटी उभी करून चार माणसं खाली उतरली, ती आबांचे जुने विद्यार्थी निघाली. हे सगळं माझ्या एका ओळीनं झालं होतं. मला आतून फार मोठं झाल्यासारखं वाटत होतं. हे सांगायला आज लाज वाटत नाही.

ट्रॅक्टरची ट्रॉली निघाली. मोठे सर, लाठकर सर, गावातली वीस-पंचवीस माणसं, गोदाकाकू आणि शांतावहिनी, मोठ्या सरांच्या मांडीवर झेंडूचा जाड हार. वार्ता मंडळ म्हणून आम्ही दोघीही मागच्या फळीला धरून बसलो. नजमा माझ्या कानात कुजबुजली, "सुमे, मेरेकू रोना नै आरा. बुरा दिखेगा क्या?"

"धूळ जाऊ दे डोळ्यात. येईल."

ट्रॅक्टर आबांच्या घरासमोर थांबला. अंगणात गर्दी नव्हती. तिरडी नव्हती. बाजेवर आबा मास्तर बसले होते, नुकतीच अंघोळ केलेले, डोक्याला तेल, मांडीवर पितळी, आणि दुधात भाकरी कुस्करत होते.

ट्रॅक्टर तेवढा भकभक करत होता. आबांनी वर पाहिलं, सगळ्यांवरून नजर फिरवली, आणि मोठ्या सरांवर आणून थांबवली.

"काय रे, आज शाळेला सुट्टी?"

मोठे सर हार घेऊन उभे. "नाही, म्हणजे... सर... आम्ही आपलं..."

तेवढ्यात घरातून आबांच्या बायको, माई, हात पुसत बाहेर आल्या. गर्दी पाहून त्या थबकल्या, मग गोदाकाकूंकडं पाहून त्यांचा चेहरा फुलला. "वन्सं, रडलात ना? चांगलं रडलात ना?"

"रडू नको तर काय करू!" काकू ओरडल्या. "हा तर भाकर खातोय!"

मग उलगडा झाला. आदल्या दिवशी संध्याकाळी आबा विहिरीवर तोंड धूत होते, तेव्हा एक कावळा त्यांच्या डोक्यावर येऊन बसला आणि उडाला. आमच्याकडं हा मरणाचा इशारा समजतात. त्यावर उतारा असा की जवळच्या नातेवाइकांना माणूस गेल्याचा खोटा निरोप धाडायचा. त्यांना खरं वाटून ते रडले की मरणाचा वाटा रडण्यात निघून जातो आणि माणूस वाचतो. म्हणून माईंनी भल्या पहाटे भाच्याला सायकलवर करमाडला पिटाळलं होतं. आबांना न सांगता, कारण त्यांनी तीस वर्षं पोरांना हेच शिकवलं होतं की कावळा हा फक्त पक्षी आहे.

"तू माझ्या मौतीचा निरोप धाडलास?" आबांनी पितळी खाली ठेवली. "माझ्या घरात? मी जिता असताना?"

"जिते हाव ते कशानं? वन्सं रडल्या म्हणून," माई शांतपणे म्हणाल्या. आबा जिवंत होते, ही माईंची बाजू होती.

पहिल्यांदा कोण हसलं ते आठवत नाही, बहुतेक हॉटेलवाला. मग सगळी माणसं हसायला लागली. मोठे सर तेवढे हसले नाहीत. त्यांनी सगळ्या शाळेसमोर डोळे पुसले होते, आणि ते कशापायी, हे आता अख्ख्या गावाला कळणार होतं. ते माझ्याकडं वळले. "हिनं लिहिलं! न बघता, न विचारता! लाठकर, उद्यापासून तो फळा बंद. उतरवा आणि कोठीत टाका."

लाठकर सर म्हणाले, "चूक माझी आहे सर. दोघांना विचारायचा नियम माझा. तिनं तो पाळला." मोठ्या सरांनी ऐकलं नाही. शाळेत मला जे एकच काम धड येत होतं, ते गेलं. शिवण मंडळात अजूनही जागा नव्हती.

आबांनी मला बोटानं जवळ बोलावलं. "कुणाला विचारलंस?"

"गोदाकाकूला. आन् शांतावहिनीला."

"रडत होती गोदी?"

"लई रडत होती. छाती पिटत होती. न भेटता गेला म्हणत होती."

आबांनी गोदाकाकूंकडं पाहिलं. काकूंनी तोंड फिरवलं आणि नाक पुसलं. मग आबांनी टोपी घातली आणि मोठ्या सरांना म्हणाले, "फळा बंद करतोस? खुशाल कर. पण त्यावर काय लिहिलंय आत्ता?"

"तुमचं... निधन."

"मग मी तसाच राहायचा मेलेला? थांब्यावरचं सगळं गाव ते वाचणार, आन् मी पेन्शन घ्यायला गेलो की भूत म्हणून पळणार. जिनं मारलं तिलाच मला जिता करू दे. मग काय करायचं ते कर."

मोठ्या सरांनी खूप वेळ हाराकडं पाहिलं. "एक दिवस," ते म्हणाले. मग त्यांना हाराचं काय करावं ते कळेना. "आणलाच आहेस तर घाल की," आबा म्हणाले, आणि मान पुढं केली. हार घातला. माईंनी सगळ्यांना गुळाचा चहा दिला. नंतर मोठ्या पातेल्यात येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्या-मसाल्याच्या पिठाची, आमटी केली आणि त्यात भाकरी चुरून सगळी शोकसभा जेवली. गोदाकाकू आबांच्या शेजारी बसल्या होत्या आणि त्यांना सांगत होत्या की तुझ्या नातीच्या लग्नाचं लुगडं मी अजून विसरले नाही. आबा म्हणत होते, "दोन देतो. तू रड फक्त वेळेवर." परतताना ट्रॉलीत नजमाला अखेर रडू आलं, पण ते हसून हसून.

घरी मायला सगळं सांगितलं. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "सायकलवाला पाणी प्याला का?"

"नाय."

"माती किती वाजता, ते सांगितलं का त्यानं?" आमच्याकडं अंत्यविधीला माती म्हणतात.

"नाय."

"मग! खोटा निरोप आणणारा त्या घरचं पाणी पीत नसतो. आन् मेलेल्या माणसाच्या मातीची येळ कुणी सांगायचं इसरतं व्हय? पुस्तकं शिकवतेत तुम्हाला, हे कोण शिकवणार?"

दुसऱ्या दिवशी मी लिहून दिलं आणि नजमानं चौकट न काढता उतरवलं: 'आबा मास्तर यांच्या निधनाची काल दिलेली बातमी चुकीची होती. मंडळ दिलगीर आहे. आबा मास्तर याच फळ्यासमोर उभे आहेत. ज्यांना खात्री करायची असेल त्यांनी करून घ्यावी.' ही शेवटची दोन वाक्यं आम्हाला आयत्या वेळी घालावी लागली, कारण आबा खरंच सकाळच्या एसटीनं आले होते आणि काठी टेकून फळ्याशेजारी उभे होते. माणसांनी खात्री करून घेतली. कुणी पाया पडलं, कुणी हात हातात घेऊन पाहिला, एका म्हातारीनं चक्क चिमटा काढला. शाळा भरली तशी आबा आमच्या वर्गात येऊन शेवटच्या बाकावर बसले. लाठकर सरांनी हजेरी संपवून त्यांच्याकडं पाहिलं. आबा उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "हाजिर!" बाहेर व्हरांड्यात मोठे सर उभे होते. पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहिलं, तेही पाठ फिरवून.

एक दिवसाची मुदत संपली, पण पुढच्या शनिवारी आबा पुन्हा आले. त्याच्या पुढच्याही. गोदाकाकूंकडं जेवायचे आणि दुपारी मंडळात येऊन बसायचे. त्यांच्यासमोर फळा उतरवायची हिंमत मोठ्या सरांना कधीच झाली नाही. दहावी होईपर्यंत खबर मी आणली. मंडळात आम्ही दोघींच्या अकरा जणी झालो. लेझीममधून चार आल्या. नियमात आबांनी एक भर घातली. दोघांना विचारायचं, आणि ज्याची बातमी आहे तो माणूस बोलता असेल तर त्यालाही विचारायचं.

मी पुढं ग्रामसेविका झाले. जन्ममृत्यूची नोंद हे माझ्याच टेबलावरचं काम. कागद आला तरी मी दोन प्रश्न जास्त विचारते. लोक वैतागतात.

माझ्या मुलांची शाळा सुरू झाल्यानंतरच्या एका उन्हाळ्यात मी माहेरी करमाडला आले होते. सकाळी दारात मोटारसायकल थांबली. आबांचा नातू होता. मायनं त्याला पाणी दिलं. तो तांब्या तोंडाला लावून सगळं पाणी प्याला. मग म्हणाला, "आबा गेले. माती चार वाजता हाय." मायनं रिकाम्या तांब्याकडं पाहिलं आणि पदर डोळ्याला लावला. मी पायात चप्पल घातली आणि त्याच्या मागं मोटारसायकलवर बसले.

अंगण गर्दीनं भरलं होतं. माईंनी मला लांबूनच पाहिलं आणि हात केला. "ये, पुढं ये," त्या म्हणाल्या. "सांगून ठेवलंय त्यांनी. लिहायच्या आधी पोरीनं बघून घ्यावं."

मी पुढं गेले. बघितलं. मग करमाडला परतले, शाळेतून खडू मागून घेतला आणि कोंबडीनं उकरल्यासारख्या माझ्याच अक्षरात फळ्यावर एक ओळ लिहिली. थांब्यावरच्या एका म्हाताऱ्यानं ती वाचली आणि विचारलं, "ह्यावेळी पक्कं ना गं, खबरवाले?"

"पक्कं," मी म्हटलं.